वरची आणि खालचा

"फांदीखाली कोण झोपतं?"

दोरवाल्या मावशींनी फोनवर मला विचारलेला हा पहिला प्रश्न. झाड कुठलं, किती उंच, छप्पर कौलांचं की पत्र्याचं, हे सगळं त्यांनी नंतर विचारलं.

"माझी मुलगी," मी म्हणाले.

"मग उद्याच येते."

एवढं ऐकून खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. पण उद्याच यावंसं वाटण्याइतकं हे गंभीर आहे, असं मला त्यातून ऐकू आलं आणि मी रडायलाच लागले. नवरा म्हणाला, "तुझं अवघड आहे. उशीर केला असता तरी रडली असतीस, लवकर येतायत तरी रडतेस."

आमचं घर गल्लीच्या टोकाला आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर उतरत्या कौलांखाली एकच खोली. ती लेकीची. ती चौदा वर्षांची आहे आणि त्या खोलीसाठी तिने दोन वर्षं हट्ट केला होता. घरामागे एक जुनं शिरीषाचं झाड आहे. घर बांधायच्या आधीपासूनचं. त्याची एक फांदी, माझ्या कमरेएवढी जाड, लेकीच्या खिडकीवरून जाऊन थेट छपरावर आडवी झालेली होती. वारा सुटला की तिच्या खालच्या फांद्या कौलांवर घासायच्या. खर्र, खर्र. लेक त्या आवाजात गाढ झोपायची. मी खालच्या खोलीत जागी असायची. मग न राहवून तेरा पायऱ्या चढून वर जायची आणि दारातून विचारायची, "झोपलीस का गं?"

"झोपले होते," आतून आवाज यायचा.

महिनाभर मी तिची गादी रोज संध्याकाळी खाली आणत होते आणि ती रोज रात्री वर नेत होती. त्यात रेडिओवर बातमी आली, गुरुवारी रात्री वादळी वारे. ती सोमवारी ऐकली आणि त्याच दुपारी भाजीवाल्याकडून मावशींचा नंबर घेतला. भाजीवाला म्हणाला, "बाई चढते, बरं का. नवरा खाली असतो." मला वाटलं, थट्टा करतोय.

मंगळवारी सकाळी दाराशी एक तीनचाकी स्कूटर थांबली. चालवणारे काका उतरलेच नाहीत. मागे बसलेल्या बाई खांद्यावर दोराचं भेंडोळं घेऊन उतरल्या. पंचावन्नच्या पुढच्या असतील. काटक, बुटक्या, अंगात पुरुषाचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चष्म्याला मागून इलॅस्टिकची पट्टी शिवलेली. पायात काही नाही.

"तुम्ही स्वतः चढणार?" मी विचारलं.

"नाही, फांदीलाच खाली बोलावते," त्या म्हणाल्या आणि शिडी लावून छपरावर गेल्यासुद्धा.

मला वाटलं होतं, त्या आधी फांदी बघतील. त्यांनी आधी पन्हळ बघितली. कौलांच्या कडेने पाणी वाहून नेणारी आमची पत्र्याची पन्हळ मी कित्येक वर्षांत वरून पाहिलेली नव्हती. त्यांनी मूठभर काळा चिखल काढून मला दाखवला.

"हा पाला आहे. शिरीषाचा पाला बारीक, गाळासारखा बसतो. मग पावसाचं पाणी पुढे जात नाही, मागे फिरतं आणि कौलाखाली शिरतं." त्यांनी कडेचं एक कौल उचललं, खालच्या लाकडी रिपेत नख रोवलं. नख आत गेलं. "बघा. तुम्ही फांदी पडायची वाट बघताय. पाला आठ-दहा वर्षं गुपचूप छप्पर खातोय."

मी मनात नोंद केली. काळजी करायला आणखी एक गोष्ट मिळाली.

मग त्या झाडावर गेल्या. मी खालून बघत होते. करवतीच्या मुठीने त्या फांदीवर टकटक करत पुढे सरकायच्या, मग सालीला कान लावायच्या. डॉक्टर छातीला लावतात तसा. खोडाजवळ आल्यावर थांबल्या. तिथे हातभर लांबीचा एक खुंट बाहेर आलेला होता.

"हा खुंट कोणी ठेवला?"

लेक खिडकीतून म्हणाली, "आईने."

दोन वर्षांपूर्वी गल्लीतून कुऱ्हाड घेऊन जाणाऱ्या एकाला मीच बोलावलं होतं. तेव्हाही वाऱ्याची बातमी होती. त्याने अर्ध्या तासात शेजारची फांदी तोडली, साल खालपर्यंत सोलून निघाली, खुंट तसाच राहिला. त्या रात्री मी शांत झोपले होते.

मावशी खाली उतरल्या. "त्या खुंटातून पाणी आत गेलं. तिथून कूज मोठ्या फांदीत उतरली. हातभर आत पोकळ आहे. तोवर फांदीला काही झालेलं नव्हतं."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"घाईमुळे," त्या म्हणाल्या. मला त्यात फारसा फरक वाटला नाही.

"मग अख्खं झाडच पाडा. एकदाची कटकट जाऊ दे."

"का? झाडाने काय केलंय? पश्चिमेचा सगळा वारा हे झाड अंगावर घेतं. ते नसेल तर तुमची कौलं पत्त्यांसारखी उडतील. मी छपरावरची फांदी काढते, वाळलेलं काढते. बाकीचं तुमच्या बाजूने उभं आहे, त्याला राहू द्या." मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "तुझी आई नेहमी अशीच असते का?"

"आज जरा बरी आहे," लेक म्हणाली.

बुधवारी सकाळी दोघं कामाला आली. तेव्हा मला कळलं की काका स्कूटरवरून का उतरत नव्हते. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. मावशींनी त्यांना हात दिला, झाडाच्या बुंध्याशी एक लाकडी खोकं उपडं ठेवलं, त्यावर बसवलं, ताठ पाय पुढे आणि उजवा बुंध्याला टेकवून. मग दोराचं एक टोक घेऊन त्या वर गेल्या.

त्यांची पद्धत मी त्या दिवशी इतकी निरखून पाहिली की आता झोपेतही सांगेन. दोर वरच्या एका भक्कम बेचक्यातून ओवायचा. त्याचं एक टोक कापायच्या फांदीला बांधायचं. दुसरं टोक खाली बुंध्याला तीन वेढे घालून काकांच्या हातात. मावशी आधी फांदीला खालून थोडी चीर देतात, म्हणजे साल सोलून निघत नाही. मग वरून कापतात. तुटलेली फांदी छपरावर पडत नाही, दोरावर लोंबते, झोका घेऊन खोडाकडे येते आणि मग काका वेढे सोडतील तशी हळूहळू अंगणात उतरते. दोघांमध्ये एक शब्दही होत नाही. मावशी दोराला हिसका देतात. एक म्हणजे धर. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे खाली.

मावशी स्वतःला 'वरची' म्हणतात आणि काकांना 'खालचा माणूस'. चढायच्या आधी त्यांनी आम्हा तिघांना अंगणात उभं करून बजावलं. "फांदी दोरावर असताना कुणी तोंड उघडायचं नाही. आग लागली तरी नाही. खालच्या माणसाचं लक्ष हललं की संपलं."

"कळलं," मी म्हणाले. आणि मला खरंच कळलं होतं.

काका फार विचित्र वाटले मला. फांदी अजून दोरावर आली नव्हती तेव्हा मी विचारलं, "काका, चहा घेणार?" त्यांनी नुसती मान हलवली. "उन्हात बसलाय, टोपी देऊ?" पुन्हा मान. गाल फुगलेले, नजर दोरावर. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "तंबाखू आहे तोंडात. पिचकारी कुठे मारतात बघ, जास्वंदीवर मारली तर तू मला बोलशील." मी दोनदा जास्वंद तपासून आले. काही नव्हतं.

पहिल्या दोन लहान फांद्या अलगद उतरल्या. तिसरी कापताना मावशींनी पाय बदलला आणि त्यांची टाच सालीवरून घसरल्यासारखी मला दिसली. घसरली नव्हती. त्या मुद्दाम खालच्या गाठीवर पाय टेकत होत्या. पण ते मला नंतर कळलं.

"मावशी, पाय!" मी ओरडले.

काकांची मान वळली. अर्धी, तेवढीच. एक वेढा सरकला, दोर हातभर सुटला आणि फांदीचा शेंडा छपरावर आपटला. कौलं फुटल्याचा आवाज झाला आणि त्यांचे तुकडे घरंगळत येऊन माझ्यासमोर पडले. काकांनी दोर पुन्हा आवळला. वरून एक हिसका. थोड्या वेळाने तीन. फांदी खाली आली.

मावशीही खाली आल्या. मला वाटलं, आता दोर गुंडाळून निघून जातील आणि उद्या रात्री वादळ येईल. मी हात जोडायच्या बेतात होते. त्या नळावर गेल्या, पाणी प्यायल्या, धुण्याच्या दगडावर बसल्या.

"तुमच्यासारखीच एक बाई होती," त्या म्हणाल्या. "वाईट नव्हती. घाबरट होती, बस. तेव्हा मी खाली असायचे आणि आमचा हा वर. एकोणीस वर्षं मी याचा दोर धरला. त्या बाईंनी मागून हाक मारली, अहो, जरा इकडे. मी वळले. एवढंच. फांदीने झोका घेतला, याच्या पायाला लागली आणि हा खाली पडला."

मी काकांकडे बघितलं. ते दोराची गाठ सोडत होते, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलणं चाललंय.

"हा कधी मला काही बोलला नाही. एकदाच म्हणाला, तू वळली नसतीस तरी मी पडलोच असतो, बूट ओला होता." मावशींनी पदर नव्हता म्हणून शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "खोटं बोलतो. बूट घातला होता कुठे, अनवाणी चढायचा."

तेव्हा काकांकडून अर्धी कापलेली तीन झाडं राहिली होती. त्यातल्या एका झाडाची फांदी लोकांच्या छपरावर नुसती सालीला लोंबत होती. दुसरा कुणी हात लावायला तयार होईना. मावशींनी एकोणीस वर्षं खालून प्रत्येक पाऊल बघितलेलं होतं. कुठल्या गाठीवर पाय, कुठे दोर, कधी थांबायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या पहिल्यांदा झाडावर चढल्या. "गुडघे असे वाजत होते की मला वाटलं पाखरं उडतील," त्या म्हणाल्या. खाली दीर होता, त्याच्यावर भरवसा नव्हता. आठ महिन्यांनी काका काठी टेकत आले आणि म्हणाले, माझं खोकं कुठे आहे?

"पण याला बघवेना हो. मी वर गेले की खालून चालू. सांभाळ, सांभाळ, डावीकडे बघ, अगं सांभाळ. मी म्हटलं, तू दोर धरतोयस की भजन म्हणतोयस? शेवटी एक दिवस तांब्या पुढे केला. म्हटलं, गुळणी धर. फांदी जमिनीला टेकली की गिळ. तेव्हापासून दहा वर्षं धरतोय."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते फुगलेले गाल! तंबाखू नव्हती. नुसतं पाणी होतं.

"मिठाची गुळणी धरून बसणं म्हणतात ते हेच की," नवरा म्हणाला.

"मीठ कशाला, साधंच पाणी," मावशी म्हणाल्या आणि तांब्या माझ्या हातात दिला. "सगळ्यांना नाही देत मी. तुमच्यासारख्यांना देते. सांडायचं नाही, गिळायचं नाही. आणि घरातल्या कुणालाही पुढच्या फांदीच्या वेळी वरच्या खोलीत पाठवायचं नाही. ही मोठी आहे, खिडकीसमोरून झोका घेईल."

मी लेकीला स्वयंपाकघरात बसवलं. नवऱ्याला सांगितलं, हिच्याजवळ उभा राहा, हलू नकोस. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली, दरबारात उभं असल्यासारखी. मग मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी गेले आणि तोंडात पाणी भरलं.

तोंडात पाणी धरून उभं राहिल्यावर माणसाला कळतं की आपण दिवसभर किती निरर्थक बोलत असतो. दर अर्ध्या मिनिटाला माझ्या जिभेवर काहीतरी येत होतं. उन्हात आहात, टोपी. गाठ घट्ट आहे ना. जरा मागे. आणि दर वेळी पाणी गालात इकडून तिकडे जायचं. समोर काकाही गाल फुगवून बसलेले. आम्ही दोघं दोन वेडे दिसत असणार.

वर करवत सुरू झाली. खालची चीर झाली. मग वरून. भुसा ऊन पडल्यासारखा खाली येत होता. मावशींची पाठ घराकडे होती. लाकडाने पहिला आवाज केला, बोटं मोडल्यासारखा. मला आता माहीत होतं की या आवाजानंतर थांबता येत नाही.

आणि वरच्या खिडकीचा पडदा हलला.

मला वाटलं, वारा. वारा नव्हता. पडद्याच्या कडेने एक कोपर बाहेर आलं आणि एक वेणी. लेक खिडकीच्या चौकटीवर ओणवी होऊन मावशींना बघत होती. तिला जवळून बघायचं होतं. तिने कालच मला सांगितलं होतं, "आई, मावशी माझ्या खिडकीतून अशा दिसतात की हात लावता येईल." मी तेव्हा कौलांची काळजी करत होते.

माझ्या तोंडात पाणी होतं. थुंकून ओरडायला एक क्षण पुरला असता. ओरडायला तोंड अर्धं उघडलंही, एक थेंब हनुवटीवर आला. समोर काकांचे हात दोरावर, मान ताठ, गाल फुगलेले. मी ओरडले असते तर ती मान वळली असती. ज्या मानेने सकाळी माझ्यामुळे कौलं फोडली, तीच.

मी तोंड मिटलं आणि धावले. मागचं दार, स्वयंपाकघर, बोळ. स्वयंपाकघरात नवरा नव्हता. तो समोरच्या फाटकाशी कुणाला तरी "मागे व्हा, मागे व्हा" म्हणत होता. मी पायऱ्या दोन-दोन चढले. नवव्या पायरीवर गुडघा आपटला. नाकाने श्वास घेत होते आणि तो पुरत नव्हता. खोलीत शिरले तेव्हा लेक कमरेपर्यंत बाहेर होती. वेणीच हाताला लागली. वेणी धरून मी तिला मागे ओढलं.

"आई! दुखतंय! काय करतेस?"

मी बोलू शकत नव्हते. तिला ओढत दाराकडे नेलं. ती मला सोडवायला बघत होती, "काय झालं, बोल ना, आई, तोंडात काय आहे तुझ्या?" आम्ही दारात पोहोचलो आणि मागे खोली एकदम काळोखी झाली. एखाद्याने खिडकी बाहेरून झाकावी तशी. पानं खिडकीतून आत आली, सगळी एकदम, सळसळत टेबलापर्यंत, आणि पडदा त्याच्या दांडीसकट घेऊन बाहेर गेली. मग पुन्हा उजेड. लेक माझ्या दंडाला चिकटून उभी होती.

फांदी खाली टेकल्याचा आवाज फार हळू आला, पोतं ठेवावं तसा.

मला गिळता येईना. तशीच लेकीचा हात धरून खाली अंगणात आले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गुडघ्याकडे, लेकीच्या सुटलेल्या वेणीकडे, फांदीच्या शेंड्यात अडकलेल्या पडद्याकडे. त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी मान डोलावली आणि घटकन पाणी गिळलं. मग मलाही गिळता आलं.

"पडदा गेला वाटतं," काका म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य.

मावशी उतरून आल्यावर लेकीनेच त्यांना सांगितलं, रडत रडत. मी वाट बघत होते की आता या पोरीला झापतील, मलाही. मावशी मटकन खोक्यावर बसल्या. त्यांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"मी खिडकी बघितली नाही," त्या म्हणाल्या. "खाली होते तेव्हा मी आधी खिडक्या बघायचे. प्रत्येक वेळी. वर गेल्यापासून फांदीच बघते." मग काकांवर ओरडल्या, "तू का नाही बघत?"

"मी दोर बघू की खिडक्या?"

"मग तिसरा माणूस लागेल आपल्याला."

"आहे की," काकांनी माझ्याकडे हनुवटी केली. "एवढं घाबरणारं माणूस शोधून मिळायचं नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. "धावताना सांडलं का पाणी?" एवढंच विचारलं.

"एक थेंब."

"चालेल," त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी उरलेला खुंट खोडाच्या गाठीला धरून साफ कापला. मी विचारलं, डांबर लावायचं ना? तर म्हणाल्या, "नाही. जखम उघडी राहू दे, झाड स्वतः बंद करतं." पन्हळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने काढली. चार बादल्या गाळ निघाला. फुटलेली तीन कौलं बदलली, कुजलेल्या रिपेला शेजारी नवी रीप ठोकली. जाताना म्हणाल्या, वर्षातून दोनदा पन्हळ बघा, आणि कुऱ्हाड घेऊन जाणाऱ्याला हाक मारू नका. स्कूटरवर काकांच्या मागे बसताना त्यांनी एकदा वळून घराच्या सगळ्या खिडक्यांवर नजर फिरवली. काम संपलेलं होतं. तरी फिरवली.

नवऱ्याने संध्याकाळभर मान वर केली नाही. "मी फक्त मिनिटभर फाटकाशी गेलो होतो," तो दहादा म्हणाला. मिनिटभर किती असतं ते आता दोघांनाही माहीत आहे.

आज गुरुवार. रेडिओने सांगितलेलं वादळ आलं आहे. नवऱ्याने गादी खाली आणायचा विषय मीच काढायची वाट बघितली. मी काढला नाही. वीज गेली आहे, मी मेणबत्तीशी लिहिते आहे. शिरीष हलतोय, वाऱ्याचा मोठा आवाज येतोय, पण कौलांवरची ती खर्र, खर्र नाही. पन्हळीतून पाणी सरळ वाहतंय, ते इथे ऐकू येतं. महिनाभर मी जो आवाज बंद व्हावा म्हणून जीव टाकत होते, तो नाही म्हणून मला आणखीच भीती वाटते आहे. काहीच घासत नाही, मग कळणार कसं?

मघाशी राहवलं नाही. उठले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि आता वर जाऊन मी काय विचारणार हे मला माहीत होतं. परत फिरले. माठातून पेलाभर पाणी घेतलं, तोंडात धरलं आणि तेरा पायऱ्या चढले.

दार उघडं होतं. पडदा नसल्यामुळे खिडकीत नुसतं आभाळ दिसत होतं. वीज चमकली तेव्हा जिथे फांदी होती तिथे स्वच्छ मोकळी जागा दिसली आणि पलीकडे उरलेलं झाड, वाऱ्याला अंगावर घेत वाकून उभं. छताकडे पाहिलं. कुठेही थेंब नव्हता. लेक कुशीवर झोपली होती, चादर पायात गुंडाळून. मी तिथे उभी राहिले. पाणी गालात कोमट झालं. सगळे प्रश्न तिथेच पाण्यामागे अडकून राहिले.

मी परत वळणार, तेवढ्यात ती डोळे न उघडता म्हणाली, "आई, गिळ आणि झोपायला जा."

मी गिळलं. झोपायला मात्र गेले नाही.